कृषी सल्ला : छोट्या ट्रॅक्टरकडून कोणती कामं घ्यावीत, कोणती घेऊ नयेत

शेतकरी बंधू-भगिनींनो, खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात वाटण्या होऊन शिवारं लहान झाली, बैलजोडी सांभाळणं परवडेना, आणि वीस-पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर घरोघरी आला. हे यंत्र गुणाचं आहे. फक्त त्याचं वजन सात-आठशे किलोच्या आसपास असतं, हे विसरून त्याला मोठ्या ट्रॅक्टरचं काम सांगितलं जातं. केंद्रावर आलेल्या प्रश्नांतले काही निवडून इथे उत्तरं देतो.

जांबोटीकडचे एक शेतकरी : चार एकर भात, थोडी काजूची बाग. चिखलणी झाली की २४ एचपीचा ट्रॅक्टर उभाच असतो. घराकडची वाट धुपली आहे ती नीट करायची आहे, आणि वादळात मोडलेल्या काजूंचे खुंटही त्यानेच उपटावेत म्हणतो.

आधी वाटेचं सांगतो. तुमच्याकडच्या पावसात नुसता मुरूम ओतलेली वाट एक पावसाळाही टिकत नाही. पाणी वाटेवरून वाहतं तोवर मुरूम ओढ्यालाच जाणार. म्हणून मागे लेव्हलिंगचं पातं लावा. उजव्या लिफ्ट रॉडचं (अवजार उचलणाऱ्या मागच्या दांड्याचं) हँडल फिरवून पात्याचं एक टोक चार बोटं खाली घ्या आणि वाटेच्या कडेने चर ओढा. निघालेली माती मधे घेऊन वाटेचा मध्य उंच ठेवा. हे काम वळवाचे एक-दोन पाऊस पडून जमीन जराशी मऊ झाली की करावं. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन इतकी कडक असते की पातं वरच्यावर घसरत जातं.

त्यानंतर मुरूम. एक ब्रास (शंभर घनफूट) मुरूम चार-साडेचार टनांच्या घरात भरतो. छोट्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एका खेपेला पाव ब्रास, त्याहून जास्त नाही. ओढायला तो दीड पटही ओढेल, पण उतारावर भरलेली ट्रॉली त्यालाच ढकलू लागते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका, मधेच क्लच दाबू नका. शेतात वळताना सुटे ठेवलेले डाव्या-उजव्या चाकांचे दोन्ही ब्रेक रस्त्यावर येताना कडी लावून एकत्र करा. ही कडी न लावल्यामुळे एकाच चाकाला ब्रेक लागतो आणि भरल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर आडवा होतो.

आता खुंट. इथे मात्र माझं ऐकाच. साखळी टॉप लिंकला (अवजाराच्या वरच्या जोडदांड्याला) किंवा मागच्या ॲक्सलला (चाकांच्या आसाला) कधीही बांधू नका. खुंट हलत नाही, मागची चाकं जागची हलत नाहीत, आणि इंजिनाचा सगळा जोर पुढचं तोंड वर उचलायला लागतो. ट्रॅक्टर मागे उलटायला सेकंद-दीड सेकंद पुरतो, क्लच दाबायची उसंत मिळत नाही. साखळी खालच्या ड्रॉबारलाच (ओढकामाच्या खालच्या पट्टीलाच) हवी. खुंटाभोवती आधी हातभर खोल खणा, आडवी मुळं कुऱ्हाडीने तोडा, साखळी ताणली जाईपर्यंत हळू जा आणि मग खालच्या गिअरमध्ये एकसारखा ओढ द्या. हिसके देऊ नका. तुटलेली साखळी उलटी येते, म्हणून आसपास कोणी उभं राहू नये. दोन-चार खुंटांपुरतं हे ठीक आहे. दहा-पंधरा असतील तर सरळ तासावर जेसीबी सांगा. क्लच प्लेट बदलण्याच्या खर्चापुढे ते भाडं काहीच नाही.

उचगावच्या एक ताई : रताळी काढायला बाया मिळत नाहीत. ट्रॅक्टरने काढता येतील का?

येतात, ताई. पण आधी वेल कापून सरीबाहेर काढावे लागतात. वेल तसेच ठेवले तर ते फाळाला गुंडाळतात आणि दर दहा पावलांवर उतरून विळ्याने सोडवत बसावं लागतं. वेल जनावरांना चारा म्हणून उपयोगीच आहेत. एका ओळीचा खोदणारा फाळ लावा आणि तो रताळ्याच्या खालून जाईल इतका खोल धरा. वर धरलात तर निम्मी रताळी चिरतील आणि चिरलेल्या मालाला बाजारात भाव नाही. सरीतली माती मुठीत घेऊन दाबा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटला तर वाफसा आहे, काम सुरू करा. बोटाला चिकटली तर दोन दिवस थांबा, कारण तांबडी माती ओली असताना फाळ घातला की रताळ्याला चिखलाचा लेप बसतो. आणि लागणीच्या वेळीच दोन सऱ्यांतलं अंतर तुमच्या ट्रॅक्टरची चाकं मोजून ठरवा. काढणीला आठवून उपयोग नाही.

निपाणीजवळचे एक ऊस उत्पादक : उसाची सगळी कामं छोट्या ट्रॅक्टरने होतील का?

सगळी नाही. साडेचार-पाच फुटी सरी असेल तर भांगलण आणि भरणी (उसाला माती लावणं) फार छान होते. तीन फुटी सरीत तो शिरला तरी ऊस मोडत जातो. काळ्या जमिनीतली खोल नांगरट आणि पाचट कुट्टी मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घ्या.

रोटाव्हेटर किती फुटी घ्यावा? दरवर्षी तोच फिरवला तर चालतं का? (अनेकांचा प्रश्न)

२४ एचपीला साडेतीन ते चार फुटी पुरे. मोठा घेतला की इंजिन दबतं आणि डिझेल वाढतं. वर्षानुवर्षं फक्त रोटाव्हेटर फिरवला की पाच-सहा इंचांखाली कडक थर बसतो. मुळं त्याखाली जात नाहीत, पाणीही मुरत नाही. भाताला तो थर पाणी धरायला उपयोगी पडतो, पण सोयाबीन, भुईमूग, बटाट्याला घातक आहे. दोन-तीन वर्षांतून एकदा उन्हाळ्यात पल्टी नांगर घालाच.

चिखलणी संपली की लोखंडी चाकं शेतातच उतरवा, ती लावून डांबरी रस्त्यावर येऊ नका. पुढच्या ॲक्सलचं आणि गिअर बॉक्सचं तेल बघा. दुधट दिसलं तर सील गेलं आहे आणि आत पाणी शिरलं आहे, तसाच चालवू नका.

कडोलीचे एक तरुण शेतकरी : मळणी, कडबा कुट्टी, पाण्याचा पंप हे सगळं पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर) चालवतो. काय सांभाळावं?

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं किंवा टॉवेलचं टोक अडकलं तर ओढून घ्यायला वेळच नसतो. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं कवच फुटलं असेल तर ते आजच बदला. मळणीला आलेल्या बायांना पदर खोचायला आणि केस बांधायला सांगा, पोरांना खळ्याबाहेर ठेवा, आणि दांडा फिरत असताना त्यावरून कोणी ओलांडू नये. मळणीनंतर रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो. ती रोज संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर ब्रशने झाडा. धुळीच्या दिवसांत एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल बघा, गाळ बसला असेल तर ओतून नवं भरा.

अवजाराला अनुदान मिळतं का?

कृषी यांत्रिकीकरण योजनेतून मिळतं. अर्ज आपल्या होबळीच्या (तालुक्याखालच्या महसूल विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या स्थानिक कार्यालयात करायचा. फ्रुट्स (कर्नाटक सरकारची शेतकरी नोंदणी) क्रमांक, उतारा, आधार आणि बँक पासबुक सोबत आणा. फ्रुट्सवर सगळे सर्वे नंबर जोडलेले आहेत का ते आधी पाहून घ्या. वाटणीनंतर नवा उतारा जोडला नसल्यानेच बरेच अर्ज अडतात. अनुदान मंजूर होण्याआधी अवजार विकत घेऊ नका. वर्षातून दोन-तीन दिवसच लागणारं अवजार असेल तर कृषी यंत्रधारे या अवजारं भाड्याने देणाऱ्या केंद्रातून आणा. पेरणीच्या घाईत तिथे रांग लागते, म्हणून आठवडाभर आधी नाव नोंदवा.