‘वॉकर’ हे इंग्रजी आडनाव चालण्यावरूनच आलं का?

हो, पण रस्त्यावरच्या चालण्यावरून नाही, ओल्या कापडावरच्या!

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असायचं. ते हौदात टाकून, त्यात शिळं मूत्र आणि माती घालून माणसं तासन्‌तास अनवाणी तुडवायची. अमोनियाने तेलकटपणा निघायचा, लोकर आटून कापड घट्ट व्हायचं. मग चौकटीवर आकड्यांना ताणून वाळवायचं. हे तुडवणारे ते वॉकर. बाराव्या शतकापासून पाणचक्कीवर चालणारे लाकडी हातोडे आले आणि पायांचं काम हळूहळू सुटलं, पण नाव राहिलं.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं. हाच धंदा करणाऱ्याला इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर, आग्नेयेला फुलर आणि नैर्ऋत्येला, म्हणजे डेव्हन-सॉमरसेटकडे, टकर म्हणत. त्यामुळे मूळ घराणं कुठल्या भागातलं असावं, याचा अंदाज आडनावावरूनच बांधता येतो. (अंदाजच हं, पुरावा नव्हे.) एक्सेटरमध्ये या कारागिरांच्या संघाचं १४७१ सालचं ‘टकर्स हॉल’ आजही उभं आहे.

आणि आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीचं इंग्रजी नाव आठवा: ‘फुलर्स अर्थ’. तो फुलर हाच.