इंडोनेशियातलं 'मेंदोआन' म्हणजे काय आणि ते मूळचं कुठलं?
मेंदोआन म्हणजे तेंपेची भजी. मूळ मध्य जावातल्या बन्युमास भागातली. पुर्वोकर्तो शहरात तर जागोजागी मिळते. तेंपे म्हणजे उकडलेल्या सोयाबीनला खाद्य बुरशी लावून आंबवलेली वडी, ही खास जावाचीच देणगी. तिचे रुंद, पातळ काप धणे, लसूण आणि भरपूर कांद्याची पात घातलेल्या पिठात बुडवून तळतात.

खरी खुबी तळण्यात आहे. तिथल्या बोलीत 'मेंदो' म्हणजे अर्धवट शिजलेलं. म्हणून ती मऊ, लवलवीत असतानाच कढईतून काढतात. आपल्याला कुरकुरीत भज्यांची सवय, त्यामुळे पहिल्यांदा कच्ची वाटेल. पण गोड सोया सॉस आणि तिखटजाळ मिरच्यांसोबत गरमागरम खाऊन बघाच. कडक तळलेलं तेंपेही छान लागतं, पण ते मेंदोआन नव्हे.