स्टेम सेल ट्रान्सप्लांटनंतर नवरा घरी येतोय. मी काय काळजी घेऊ?

सगळ्यात आधी ताप. थर्मामीटर हाताशी ठेवा आणि 38 अंश सेल्सियस (100.4 फॅरनहाइट) किंवा जास्त दिसला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ट्रान्सप्लांट टीमला फोन करा. विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका. त्यानं ताप उतरलेला दिसतो, पण संसर्ग असेल तर तो आत वाढत राहू शकतो. ट्रान्सप्लांटमध्ये दिलेल्या पेशी त्यांच्या स्वतःच्या नसून दुसऱ्या कुणाच्या (दात्याच्या) असतील तर अंगावर पुरळ, जुलाब, डोळे पिवळे होणं हेही लगेच कळवा.

हात धुणं, ताजं आणि नीट शिजवलेलं अन्न, सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना नकार, हे ओघानं आलंच. नकार तुम्ही द्या, नवऱ्यावर सोडू नका.

ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले 100 दिवस सर्वात जपायचे. पण थकवा त्यानंतरही कित्येक महिने राहतो, आणि लोक चुकतात ते इथेच. रिपोर्ट चांगले आले म्हणून 'आता उठा, फिरा' असा लकडा लावू नका. दोन पावलं त्यांच्यासोबत चाला, बास. चिडचिड झाली तर मनावर घेऊ नका, स्टेरॉइड चालू असतील तर त्यांचाही तो परिणाम असू शकतो.

आणि कृपा करून आठवड्यातला एक दिवस ही जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे द्या. तुम्हालाही झोप हवी.