कॅरेरा आरएस घेण्यापूर्वी
१९७३ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ घेण्याचा आपला विचार पक्का असेल, तर रंगाच्या चकाकीआधी कागदपत्रे पाहावीत, कारण अशा १,५८० गाड्याच तयार झाल्या आणि साध्या ९११ ला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर लावून केलेल्या नकला पुष्कळ आहेत. चासी क्रमांक आणि ९११/८३ प्रकारच्या इंजिनाचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतो का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावेच. गाडी लिफ्टवर चढवून दारांखालचा पत्रा, बॅटरीखालची जागा आणि मागच्या टॉर्शन बारच्या (पीळ खाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांड्याच्या) आसपासचा भाग टॉर्च लावून पाहावा. माझ्या मते इंजिनापेक्षाही गंजाचे काम खिसा अधिक रिकामा करते. घेतल्यावर मात्र ती नियमित चालवावी, आणि यांत्रिक फ्युएल इंजेक्शनची, म्हणजे पंपाने इंजिनात इंधन फवारणाऱ्या यंत्रणेची, जुळणी त्या पंपाची जाण असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावी.