कोल्हापुरात पायी आणि सायकलवरून सुरक्षित जाता यावे, यासाठी नागरिकांनी नेमके काय करावे?

आठवीतल्या मुलीला सायकलवरून शाळेला जायचे आहे, पण रस्त्यावरची रहदारी पाहून तुमचा धीर होत नाही; अशा वेळी निवेदने देऊन काही होते का, की सायकल फेरी काढणे बरे, असा तुमचा प्रश्न आहे. निवेदनाचा उपयोग होतो, मात्र ते रस्त्याचे काम निघण्याच्या आधी गेले पाहिजे. अंदाजपत्रक तयार होत असते तेव्हा पदपथाची रुंदी, त्याच्या कडेची उंची, कोपऱ्याचे वळण, विजेच्या खांबांची जागा हे सारे अजून कागदावर असते आणि त्यात बदल करणे अभियंत्याला सोपे असते. एकदा निविदा निघाली, कार्यादेश गेला आणि काँक्रीट पडले, की पुढे कित्येक वर्षे त्याला कोणी हात लावत नाही. आपल्याकडची बहुतेक निवेदने अपघात झाल्यावर किंवा काम संपल्यावर जातात आणि म्हणूनच ती फायलीत पडून राहतात.

आमच्या पेठेतील काही रहिवासी, दोन शिक्षिका आणि जवळच्या तालमीचे कार्यकर्ते मिळून आम्ही शाळेकडे जाणाऱ्या एकाच रस्त्याचा पाठपुरावा करत आलो आहोत. सुरुवातीला आम्ही टेप घेऊन पदपथ मोजला. कागदावर तो दीड मीटर रुंद होता. प्रत्यक्षात विजेची डीपी, जाहिरातीचा फलक आणि एका दुकानाची पायरी यांच्यामधून दप्तर पाठीवर असलेल्या मुलाला अंग चोरूनच जावे लागत होते. त्याहून मोठी अडचण उंचीची होती. कड जवळपास फूटभर उंच, शिवाय प्रत्येक फाटकासमोर गाडी आत घेण्यासाठी केलेला उतार, त्यामुळे दर दहा-पंधरा पावलांना उतरायचे आणि पुन्हा चढायचे. गुडघे दुखणारी आजी अशा पदपथावर चढतच नाही, ती खालून डांबरावरून चालते. मग मोकळ्या पदपथावर दुचाक्या लागतात आणि पुढच्या कामाच्या वेळी ‘पदपथ कोणी वापरत नाही, तो रुंद कशाला करायचा’ असे ऐकावे लागते. हे चक्र तोडायचे असेल तर मागणी ‘पदपथ करा’ एवढीच असून चालत नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचना (क्रमांक १०३) सांगतात की पदपथावर कोणताही अडथळा नसलेली किमान १.८ मीटर रुंद जागा असावी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. निवेदनात हे आकडे आणि शेजारी तुम्ही मोजलेले आकडे असले, की अभियंत्यालाही वरिष्ठांपुढे ठेवायला काहीतरी हाती लागते.

कायद्याचा आधारही आता बऱ्यापैकी भक्कम आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाखालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९८ अ हे कलम, रस्त्याची रचना, बांधकाम आणि देखभाल करणाऱ्याने सुरक्षिततेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करते. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतील ३२,८२५ जण पायी चालणारे होते. दर पाच मृतांमागे जवळजवळ एक पादचारी असताना आपण रस्त्याची चर्चा खड्डे आणि पार्किंग यांपुरतीच ठेवतो, हे मला मनापासून खटकते.

गतिरोधकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नागरिकांची पहिली मागणी नेहमी तीच असते. रातोरात टाकलेला अरुंद आणि उंच गतिरोधक सायकलस्वाराला आणि दुचाकीवर मागे बसलेल्या वृद्धांना धोक्याचा ठरतो, तर मोठ्या गाड्या तो सहज पार करतात. मानकांप्रमाणे गोलाकार गतिरोधक सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे गाडी त्यावर हळूहळू चढते आणि उतरते. शाळेसमोर याहूनही चांगला उपाय म्हणजे पदपथाच्याच पातळीवर उचललेले क्रॉसिंग. तिथे मुलांना खाली उतरावे लागत नाही आणि वाहनाला मात्र वेग कमी करावाच लागतो. दुसरा उपाय तिकटीच्या, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या जागेच्या, कोपऱ्यांचा आहे. कोपरा जितका ऐसपैस गोलाई देऊन बांधलेला असेल, तितकी गाडी वेग न घटवता वळते. तोच कोपरा थोडा पुढे घेऊन वळण आवळले, तर वेग आपोआप उतरतो आणि रस्ता ओलांडण्याचे अंतरही कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून शहराच्या आतल्या भागात माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न वेगाचा आहे.

सायकलचेही तेच. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ किंवा महाद्वार रोडच्या परिसरात स्वतंत्र सायकल मार्गाला जागा नाही, आणि तो मागण्यात शक्ती घालवू नये. तिथे वाहने ताशी तीस किलोमीटरच्या आत धावली की सायकल त्यांच्यातच सुरक्षित चालते. विद्यापीठाकडे जाणाऱ्यासारख्या रुंद रस्त्यांवर मात्र वेगळा मार्ग हवा, आणि तो कडेने अडवलेला हवा. नुसता पट्टा रंगवला की संध्याकाळपर्यंत तिथे गाड्या उभ्या राहतात. पुण्यात तुटक तुटक बांधलेल्या सायकल मार्गांचे काय झाले, हे आपण पाहिले आहे. फेरीवाल्यांना मात्र या मागणीत शत्रू मानू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांनाही हक्क दिले आहेत, आणि चालणाऱ्यांची वाट त्यांच्या हातगाड्यांपेक्षा पदपथावर लावलेल्या वाहनांनी अधिक अडलेली असते.

आता कागदपत्रांचे. आधी रस्ता कोणाचा आहे ते पाहा: महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, चुकीच्या दारात गेलेला अर्ज महिनोन्महिने फिरतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अंदाजपत्रक, नकाशा आणि ठेकेदाराचा दोष दायित्व कालावधी (कामातले दोष त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) मागता येतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. त्याच कायद्याने प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा हक्कही दिलेला आहे, तो फार कमी लोक वापरतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही निवेदनाची प्रत द्या, कारण महापालिका, पोलिस, परिवहन आणि बांधकाम हे विभाग तिथे एकत्र बसतात.

सायकल फेरी काढायला हरकत नाही, पण ती या कामाला जोडून काढावी. लोक जमवण्यात हे शहर कधी कमी पडलेले नाही. सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांसाठी लावलेल्या टोलविरुद्ध प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली आणि सर्वपक्षीय कृती समितीच्या बळावर आपण लढलो आणि २०१५ च्या अखेरीस तो रद्द झाला. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद होतात तेव्हा हजारो माणसे तिथे निर्धास्त चालतात, म्हणजे वाहनांशिवाय रस्ता चालवण्याचा अनुभवही आपल्याकडे आहे. उरतो तो एका तिकटीसाठी महिनोन्महिने त्याच टेबलावर पुन्हा पुन्हा जाण्याचा चिवटपणा, आणि त्यासाठी मोर्चापेक्षा पाच-सहा माणसांची ठाम तुकडी अधिक उपयोगी पडते.

तोपर्यंत मुलीला मुख्य रस्ता टाळून गल्ल्यांमधून जाणारा मार्ग काढून द्या, सुरुवातीला शाळेच्या वेळेतच तिच्यासोबत स्वतः सायकलवर जा आणि त्याच दिशेने जाणारी आणखी तीन-चार मुले मिळतात का ते पाहा. रस्त्यांची कामे साधारण पावसाळा संपल्यावर सुरू होतात, तेव्हा मोजमापे आणि निवेदन त्याआधी तयार हवे. गणेशोत्सवाच्या तयारीसाठी तालमीत रोज संध्याकाळी माणसे जमतात, त्याच दिवसांत मोजलेल्या आकड्यांचा कागद घेऊन तिथे जा आणि निवेदनावर तालमीच्या अध्यक्षांची पहिली सही घ्या.