एमजीचा आकडा आणि दुपारचे साडेतीन तास

प्रश्न : मुलगा टीवायबीकॉमला आहे. कॉलेज पार्ल्याला, सकाळी 7 ते 10:30. आम्ही राहतो नालासोपाऱ्यात. त्याला फूड डिलिव्हरीत अंधेरी झोनमध्ये फुल टाइम काम मिळतंय : 11 ते 3:30 आणि 7 ते 11:30, महिन्याला 26 दिवस, 25 हजारांची हमी. बाइक स्वतःची. त्याच्या वडिलांचं काम सुटलंय. त्याने हे घ्यावं का?

उत्तर : ताई, नमस्कार. घरात पैशाची निकड आहे, म्हणून आधी पैशाचंच बोलू.

ही हमी म्हणजे पगार नव्हे. रायडर तिला एमजी म्हणतात, मिनिमम गॅरंटी. समजा आठवड्याची एमजी 6,000 आहे आणि ऑर्डरचे 5,200 झाले, तर कंपनी वर 800 घालते. ऑर्डरचेच 6,300 झाले तर एमजीचा एक रुपयाही येत नाही. ते 800 सुद्धा अटी पाळल्या तरच : लॉगिनचे तास पूर्ण, गर्दीच्या वेळी ऑनलाइन, ऑर्डर नाकारायची नाही, शनिवार-रविवार सुट्टी नाही. एक अट मोडली की बऱ्याचदा त्या आठवड्याची सगळी एमजी जाते.

तास बुडतात कुठे, तर कॅशमध्ये. ग्राहकांनी दिलेली रोकड मर्यादेपलीकडे साठली की आयडी ब्लॉक होतो, भरणा होईपर्यंत ऑर्डर येत नाही. हे रात्री 8 ला झालं तर दिवस हातचा गेला. म्हणून रोकड दुपारीच भरून टाकायची.

आता ब्रेक शिफ्ट. मधले साडेतीन तास तो कुठे काढणार? झोनपासून वीस मिनिटांवर घर असेल तर जेवण आणि झोप होते. नालासोपाऱ्याहून ते जमणार नाही. हॉटेलसमोरच्या फुटपाथवर गाडीवरच बसून राहावं लागेल, जुलैच्या पावसातही. पगार 9 तासांचा, पण कॉलेज धरून पोरगा पहाटे साडेपाचला बाहेर पडेल आणि रात्री एकला घरी येईल. झोप जेमतेम चार तास. अशा झोपेवर हायवेला बाइक चालवणं मला सगळ्यात जास्त धोक्याचं वाटतं.

खर्च मांडून बघा. जाऊन-येऊन साधारण 90 किलोमीटर, कामाचे 80, म्हणजे रोज 170. ट्रॅफिकमध्ये 45 चं ॲव्हरेज आणि पेट्रोल 104 रुपये धरलं तर रोजचे 390 च्या पुढे, 26 दिवसांचे दहा हजार. महिन्याला 4,400 किलोमीटर गाडी पळाली तर इंजिन ऑइल महिन्याभरातच बदलावं लागतं. टायर, चेनसेट, ब्रेक शू वेगळे. 25 हजारांतले पंधरासुद्धा पुरते हातात राहत नाहीत.

विम्याचं जरूर विचारा. कंपनीचं अपघात संरक्षण अनेकदा लॉगिन असताना किंवा ऑर्डरवर असतानाच लागू होतं. मधल्या वेळेत किंवा घरी परतताना काही झालं तर? शिवाय बाइकची पॉलिसी खासगी वापराची असेल तर डिलिव्हरी करताना झालेल्या नुकसानीचा क्लेम अडू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे : परीक्षा होईपर्यंत अंधेरीची फुल टाइम नको. वसई-नालासोपारा झोनमध्ये शुक्रवार ते रविवार, रात्री 7 ते 11 करू दे. एमजी बहुधा मिळणार नाही, पण रोजचा 90 किलोमीटरचा फेरा वाचतो आणि पदवी हातची जात नाही. पदवीनंतर फुल टाइम करायचंच ठरलं तर पे-रोलवरची, म्हणजे कंपनीचा पगारी कर्मचारी म्हणून, जागा आधी शोधा. तिथे पीएफला दोन्ही बाजूंनी 12 टक्के जातात आणि 21,000 पर्यंतच्या वेतनाला ईएसआयसी, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सरकारी विमा, लागू होतं. ‘पार्टनर’ म्हणून घेतलेल्या रायडरला यातलं काही मिळत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांसाठी, म्हणजे असं ॲपवरचं सुटं काम करणाऱ्यांसाठी, निधीची तरतूद आहे, किमान वेतनाची नाही. तरी आधारला जोडलेल्या मोबाइलवरून ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

तरीही मुलाचा अंधेरीचाच आग्रह असेल, तर सही करण्याआधी त्याने टीम लीडरला व्हॉट्सॲपवर लिहून विचारावं : एमजी किती आठवडे मिळणार? ती फक्त नव्या रायडरलाच आहे का? हिशेब दिवसाचा की आठवड्याचा? टिप आणि इन्सेंटिव्ह एमजीत धरता का? गाडी पंक्चर झाली तर तास कापता का? उत्तर फोनवर आलं तर तेच पुन्हा लिहून पाठवा म्हणावं, आणि ॲपमधल्या ऑफरचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावा.