लंडनमधील फ्लॅटच्या लीजची ८१ वर्षे उरली आहेत. आता वाढवून घ्यावी की नव्या कायद्याची वाट पाहावी?

आपल्या हॅरोमधील फ्लॅटच्या लीजची (म्हणजे फ्लॅट ठराविक वर्षांसाठी आपला असण्याच्या कराराची) ८१ वर्षे ४ महिने उरली आहेत, फ्लॅट भाड्याने देऊन आपण पुण्याला परतला आहात आणि ९,००० पौंडांत लीज १२५ वर्षांपर्यंत वाढवून देऊ, मात्र वर्षाचे २५० पौंड ग्राउंड रेंट (जमिनीचे भाडे) चालू राहील, असे फ्रीहोल्डरचे, म्हणजे इमारतीच्या व जमिनीच्या मूळ मालकाचे, पत्र आपल्याला आले आहे. ते स्वीकारावे की लीजविषयीच्या २०२४ च्या नव्या कायद्याची वाट पाहावी, असे आपण विचारता. मी वकील नाही. पण लंडनमध्ये स्वतःच्या फ्लॅटची लीज वाढवून घेतली आहे आणि त्यात एक महागडी चूक केली आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, या दोन्हींपैकी काहीही न करता आपण १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ ची, म्हणजे लीज वाढवून मागणारी, नोटीस फ्रीहोल्डरवर शक्य तितक्या लवकर बजावावी.

त्या कायद्यानुसार मूळ लीज २१ वर्षांपेक्षा जास्त मुदतीची असेल, तर उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षे मिळतात आणि ग्राउंड रेंट शून्य होते. फ्लॅट दोन वर्षे तरी आपल्या नावावर हवा, ही अट ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली आहे, आणि मालकाने तिथे राहायलाच हवे अशी अटही नाही. त्यामुळे आपण पुण्यात असल्याने काही अडत नाही.

खरा प्रश्न ८० वर्षांच्या रेषेचा आहे. नोटीस बजावण्याच्या दिवशी ८० वर्षांपेक्षा जास्त मुदत शिल्लक असेल, तर फ्रीहोल्डरला फक्त त्याच्या नुकसानीची भरपाई द्यावी लागते. ती रेषा ओलांडली की ‘मॅरेज व्हॅल्यू’ आड येते, म्हणजे लीज वाढल्यामुळे निर्माण होणाऱ्या जादा किमतीतला निम्मा वाटा त्याला द्यावा लागतो. आपल्या फ्लॅटची किंमत लीज वाढल्यानंतर ३ लाख पौंड आणि तशीच राहिली तर २ लाख ८० हजार पौंड धरू. मुदतीअंती फ्लॅट परत मिळण्याच्या हक्कासाठी रूढ ५ टक्के आणि ग्राउंड रेंटसाठी ७ टक्के दराने आजचे मूल्य काढू. ८१ वर्षे शिल्लक असताना रक्कम साधारण ९,२५० पौंड येते. ७९ वर्षे शिल्लक असताना भरपाई ९,८०० च्या आसपास आणि त्यावर मॅरेज व्हॅल्यूचा निम्मा वाटा सुमारे ५,१०० पौंड, अशी जवळपास १४,९०० पौंडांची रक्कम होते. हा फक्त ढोबळ हिशेब आहे, सर्व्हेयरचे (मालमत्तेचे मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञाचे) आकडे थोडे वेगळे येतील. पण दोन वर्षांत पडणारा फरक यातून दिसतो.

याच आकड्यांशेजारी ते पत्र ठेवून पाहा. ९,००० पौंडांत आपल्याला ९० ऐवजी जेमतेम ४४ वर्षे मिळणार आहेत. २०२२ च्या कायद्यामुळे वाढीव वर्षांसाठी ग्राउंड रेंट आकारता येत नाही, पण मूळ मुदतीतली ८१ वर्षे ते सुरूच राहील, म्हणजे आणखी २०,००० पौंडांहून अधिक. कायद्याच्या मार्गात फ्रीहोल्डरचा मूल्यांकनाचा आणि वकिलाचा वाजवी खर्च आपल्यालाच सोसावा लागतो, हे खरे. तरीही हे पत्र मला स्वस्त वाटत नाही.

२०२४ च्या कायद्यात मॅरेज व्हॅल्यू रद्द करण्याची आणि ९९० वर्षांची वाढ देण्याची तरतूद आहे. मात्र २४ मे २०२४ रोजी तो मंजूर झाला, तरी २०२५ संपत आले तेव्हाही ही कलमे लागू झालेली नव्हती. ज्यांची लीज आधीच ८० च्या खाली गेली आहे, त्यांनी थांबण्याचा विचार करण्यात अर्थ आहे; आपल्याला आज मॅरेज व्हॅल्यू द्यावीच लागत नाही, मग ती रद्द होण्याची वाट कशासाठी पाहायची?

माझी चूक तारखेची होती. माझ्या लीजच्या पहिल्या पानावर नोव्हेंबर १९९७ ची सही होती आणि मी ९९ वर्षे तिथून मोजत राहिलो. मुदत ‘२५ मार्च १९९७ पासून’ सुरू होते, हे वाक्य आतल्या पानावर होते. जुलै २०१६ मध्ये नोटीस दिली तेव्हा चार महिने हातात आहेत असे मला वाटत होते. प्रत्यक्षात रेषा मार्चमध्येच ओलांडली गेली होती. सर्व्हेयरच्या अहवालात मॅरेज व्हॅल्यूची ओळ वाचली, तेव्हा मी पुन्हा लीज उघडून बोटांवर महिने मोजले. आपल्याकडे नवी मुंबईत सिडकोची मूळची ६० वर्षांची लीज अनेकदा सोसायटीच्या नावावर असते आणि ती मोजत बसण्याची सवय आपल्याला नसते; इंग्लंडमध्ये ती सवय लावून घ्यावीच लागते. म्हणून आपली ८१ वर्षे ४ महिने कोणत्या तारखेपासून धरली आहेत, हे आधी मूळ लीजमध्ये तपासा.

नोटिशीत आपण देऊ केलेली रक्कम लिहावी लागते आणि ती वाजवी असावी लागते, म्हणून आधी या कामाचा अनुभव असलेला सर्व्हेयर नेमा. फ्रीहोल्डरला उत्तरासाठी किमान दोन महिने द्यावे लागतात. त्याच्या उत्तरानंतर दोन महिन्यांनी ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जाता येते आणि सहा महिन्यांच्या आत जावेच लागते. ती मुदत चुकली तर नोटीस मागे घेतल्याचे मानले जाते आणि पुढचे १२ महिने नवी नोटीस देता येत नाही. आपल्या हातात १६ महिने आहेत. दोन, सहा आणि बारा मिळून वीस होतात, म्हणजे पहिली नोटीस अशी वाया गेली तर दुसरी देईपर्यंत ८० ची रेषा मागे पडलेली असेल. त्यामुळे ट्रायब्युनलची अंतिम तारीख सॉलिसिटरकडून लेखी मागून घ्या आणि ती स्वतःच्या कॅलेंडरमध्येही नोंदवा. नोटिशीवर सॉलिसिटरचा इंग्लंडमधील पत्ता द्या, नाहीतर फ्रीहोल्डरचे उत्तर आपल्या भाडेकरूच्या दारात पडून राहील.